साक्षीला पोस्टमन

येल बेटावर झाडं नाहीत,
वारा आडोसा न शोधता थेट माणसावरच येतो.
गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उतरलो.
आज ओस्ला हॅल्क्रोला पाकीट द्यायचं नव्हतं,
सही द्यायची होती.

साक्षीदार नातलग नको, वारस नको,
असं वकिलानं कळवलेलं.
मग बेटावर उरतं कोण?
पाद्री अंथरुणाला खिळलेला, नर्स तिची भाची.
उरला पोस्टमन.

डॉक्टर इफेओमाचा चेहरा फेरीनं हिरवट पडलेला.
तिनं विचारलं, आज वार कोणता?
"कुणास ठाऊक," ओस्ला म्हणाली,
"पण संध्याकाळची फेरी सुटायची नाही.
त्या लाटा बघ, आणि इथेच जेव."
शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
मग ती थांबली. "सात कशाला गं?
टाके मोजायचे तर चार-चारचे मोजावेत."

फोनवर अ‍ॅबर्डीनहून तिचा मुलगा, एर्लंड:
"ऐकलंत? वारसुद्धा सांगता येत नाही तिला.
या कागदाला अर्थ काय?"
डॉक्टर म्हणाली, "वार हा प्रश्नच नाही, एर्लंड.
प्रश्न नळीचा आहे.
एकीकडे चुकलेला माणूस सगळीकडेच चुकतो,
असं कायदा धरून चालत नाही."
फोनमध्ये बराच वेळ नुसती खरखर.

मग तिनं नळीचं सांगितलं.
कुठून घालतात, किती दिवस ठेवतात,
घातली तर काय, नाही घातली तर काय.
काही लपवलं नाही. मरण हा शब्दही नाही.

ओस्ला उठली, चुलीत पीट सारलं, परत बसली.
"टॅमीला बेचाळीस दिवस होती. नाकातून.
तो उपटून काढायचा, म्हणून हात बांधले त्याचे.
हातानं तो बोलत होता की.
ऐकलं कोणी?"
मी टोपी गुडघ्यावर फिरवत राहिलो.
त्या महिन्यात टॅमीची पत्रं मीच
लेरविकच्या इस्पितळाच्या पत्त्यावर वळवली होती.

चहा झाला. मेंढ्यांचं बोलणं झालं, लोकरीच्या भावाचं झालं.
मग डॉक्टरनं तोच प्रश्न पुन्हा टाकला,
जणू पहिल्यांदाच.
ओस्लानं तिच्याकडे पाहिलं: "तू कोण गं?"
माझ्या पोटात धस्स झालं.
"मी डॉक्टर."
"असं होय. नळी नको.
टॅमीला बेचाळीस दिवस होती."
नाव निसटलं होतं. आकडा नाही, नकारही नाही.

पेन उघडता उघडता डॉक्टर थबकली.
"आणि पुढे कधी तुम्हीच वेगळं म्हणालात तर?
तेव्हा तुम्ही कदाचित आनंदात असाल,
आणि हे सगळं आठवत नसेल."
वारा धुराड्यात शिरून बाहेर पडला.
इतका वेळ ती गप्प राहिली, की मला वाटलं संपलं आता.

"ती बाई," ओस्ला म्हणाली, स्वतःकडेच बोट करून,
"ती बाई खुळी असेल, पण कस्टर्ड तिला आवडेल.
चमच्यानं द्या. तोंड उघडेल तोवर द्या.
मिटलं, की जबडा उचकटू नका.
पुन्हा विचारायचं तर संध्याकाळी विचारा,
चमच्यानंच."

डॉक्टरनं हे सगळं लिहिलं. 'कस्टर्ड'सुद्धा.
मग ओस्लानं सही केली, प्रत्येक अक्षरावर रेंगाळत,
आणि तिच्याखाली मी माझी.

आता ती लेरविकच्या वृद्धाश्रमात आहे.
मला ओळखत नाही, पिशवीला मात्र हात लावते.
एर्लंड शनिवारी येतो, बाही वर करून बसतो.
तो कागद त्यानं कोटात ठेवलाय,
घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेला.
परवा जेटीवर भेटला.
मी काही विचारायच्या आतच म्हणाला,
"अजून उघडते."